केदारनाथला ऑक्सिजन सोबत न्यायचा तर: डबा, सिलिंडर, मशीन आणि निघण्याआधीचा हिशेब

"सिस्टर, ऑक्सिजनचे डबे घेतले ना बापा दोन-दोन, आता काय होते?"

तूर निघाली, कापसाचा शेवटचा वेचा घरात आला की आमच्या गावात चारधामच्या गोष्टी सुरू होतात. पेरणीआधीचा मे महिना तेवढा मोकळा असतो. मी ३१ वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, निवृत्त झाल्यावर गावच्या जथ्यासोबत चार वेळा वर जाऊन आले. दर वेळी निघायच्या आदल्या दिवशी हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि दर वेळी मी पाटी-पेन्सिल घेऊन बसते.

बाजारात मिळणाऱ्या हलक्या डब्यात साधारण १० लिटर ऑक्सिजन असतो, काहींत त्याहूनही कमी. दम लागलेल्या माणसाला मिनिटाला २ लिटर दिला तर १० लिटर ५ मिनिटांत संपतो. दोन डबे म्हणजे १० मिनिटं. केदारनाथहून पायथ्याच्या गौरीकुंडाला उतरायला पालखीतसुद्धा काही तास लागतात. तेवढ्या वाटेला दोन डबे कुठं पुरणार?

ऑक्सिजन न्यावा की नाही, असा प्रश्नच नाही. न्यावा. पण तो चढण्यासाठी नाही, खाली उतरेपर्यंतचा वेळ मिळावा म्हणून न्यायचा असतो. पहिल्या वर्षी मला हे नीट कळलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा माझ्यासोबतच्या एका काकूंना भोगावी लागली.

त्या रात्री काय झालं

संध्याकाळी दर्शन झालं. काकूंचं डोकं दुखत होतं, जेवणावर मन नव्हतं, एकदा उलटी झाली. आम्ही खालून भाड्यानं आणलेला छोटा सिलिंडर लावला. वीस मिनिटांत काकू उठून बसल्या. म्हणाल्या, "आता बरं वाटते, सकाळची आरती करूनच जाऊ." मी हो म्हटलं. तिथंच चुकलं.

अकराच्या सुमारास सिलिंडर संपला. रात्री दोनला काकूंना बाहेर न्यायला उठवलं तर त्या दारूड्यासारख्या झोकांड्या खात होत्या आणि विचारलेल्याचं उत्तर भलतंच देत होत्या. तिथल्या वैद्यकीय केंद्रात नेलं. उरलेली रात्र ऑक्सिजनवर गेली आणि उजाडताच त्यांना कंडीत, म्हणजे माणूस पाठीवर वाहून नेतो त्या टोपलीत, बसवून खाली उतरवलं. गौरीकुंड येईपर्यंत त्या स्वतःहून चहा मागत होत्या.

ऑक्सिजननं बरं वाटलं, म्हणून आजार गेला असं मी धरून चालले होते. आजार तिथंच होता, ऑक्सिजननं तो फक्त झाकला होता. सिलिंडर किती वेळ चालेल हेही मी मोजलं नव्हतं. पुढं जे लिहिलंय ते सगळं त्या रात्रीनंतर शिकलेलं आणि दरवर्षी जथ्याला शिकवलेलं आहे.

वर हवेचं होतं काय

वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतला त्याचा वाटा खाली काय नि वर काय, २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. टाकीत पाणी तेवढंच, पण टाकी माळवदावरून काढून अंगणात ठेवली तर नळाला धार बारीक येते ना, तसं. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोर कमी पडतो.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, आणि हरिद्वारही जवळपास तेवढंच. म्हणजे रेल्वेत रात्रभर बसून शरीराच्या दृष्टीनं आपण कुठं चढलेलोच नसतो. आपलं चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. गौरीकुंड १,९८० मीटरच्या जवळ आणि केदारनाथ ३,५८३ मीटर, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. गौरीकुंडाहून सकाळी निघून संध्याकाळी वर पोचणारा माणूस एका दिवसात १,६०० मीटर चढतो आणि तिथंच झोपतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. हेलिकॉप्टरनं जाणारा तर काही मिनिटांत वर असतो. त्याचे पाय दुखत नाहीत म्हणून त्याला वाटतं आपल्याला काही होणार नाही. पण शरीराला सवय व्हायला जो वेळ लागतो, तो त्यालाही मिळालेला नसतो.

अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, लेह शहर ३,५०० च्या आसपास. तिथं जाणाऱ्यांनाही हे सगळं तसंच लागू.

गावातच करायच्या चार तपासण्या

पहिली सिकलसेलची. आपल्या विदर्भात हिला मी सगळ्यात वर ठेवते. एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार, असलेल्या माणसानं एवढ्या उंचीवर जाऊ नये. ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, आणि मग कोणतंही यंत्र पुरत नाही. एएस पॅटर्नवाला, म्हणजे वाहक, गावात अगदी ठणठणीत असतो, वावरात दिवसभर राबतो. पण उंचीवर त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडण्याचा धोका असतो. वर गेल्यावर डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं, मळमळ झाली, तर ते 'गॅस झाले' म्हणून सोडून देऊ नका. ऑक्सिजन लावा, खाली उतरवा, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हा एएस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पॅटर्न कोणता हे पुढच्या तपासणीत कळतं. कार्ड आधीच काढलेलं असेल तर पेटीच्या तळाशी राहू देऊ नका, यात्रेच्या पिशवीत घ्या.

दुसरी हिमोग्लोबिनची. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवेल आणि बाईचं हिमोग्लोबिन ७ असेल. यंत्र एवढंच सांगतं की जेवढ्या बैलगाड्या आहेत तेवढ्या भरल्यात. गाड्याच निम्म्या आहेत, हे ते सांगत नाही. दोन महिने आधी तपासलं तर गोळ्यांनी भर काढायला वेळ असतो.

तिसरी छातीची. चुलीपुढं आयुष्य काढलेल्या बायकांना आणि विडी ओढणाऱ्या माणसांना बऱ्याचदा जुना दमा असतो. त्याला गावात कोणी नाव दिलेलं नसतं, 'हिवाळ्यात खोकला येते' एवढंच म्हणतात. अशा माणसाला ऑक्सिजन लागतो, पण भसाभसा देऊन चालत नाही. गरजेपेक्षा जास्त दिला तर त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो गुंगीत जातो. त्याच्यासाठी ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हा आकडा पुरे.

चौथी बीपी, साखर आणि हृदयाची. ती सगळेच सांगतात, म्हणून इथं लांबवत नाही. डॉक्टरांकडे गेलाच आहात तर डायमॉक्सच्या गोळीबद्दलही विचारा. ती उंचीचा त्रास टाळायला आधीपासून घेतात, पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर चालत नाही. म्हणून ती डॉक्टरांनीच लिहून द्यावी, शेजाऱ्याच्या पाकिटातून घेऊ नये.

बोटाचं यंत्र नीट वाचायचं कसं

करोनानंतर ऑक्सिमीटर गावोगावी आहे, पण वापरताना घाई होते. चढून आल्याबरोबर लावू नका. माणसाला ५ मिनिटं बसवा. हात गार असतील तर काखेत किंवा शालीत धरून गरम करा, कारण गार बोटात रक्त कमी येतं आणि आकडा खोटा येतो. नेलपॉलिश काढा. बोटावर मेंदी गडद असेल तर दुसरं बोट बघा. हात छातीच्या पातळीवर स्थिर ठेवा आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत, निदान अर्धं मिनिट, थांबा. यंत्रावरचे नाडीचे ठोके आणि मनगटाला हात लावून मोजलेले ठोके जुळत नसतील तर तो ऑक्सिजनचा आकडाही धरू नका.

निघण्याआधी गावातच प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा. बहुतेकांचा ९६ ते ९९ येईल. केदारनाथला हाच आकडा ८५ ते ९० च्या आसपास येणं बऱ्याच निरोगी माणसांतही दिसतं. गावात ८६ म्हणजे गाडी बोलवायची वेळ. वर ८६ असून माणूस हसतोय, जेवतोय, सरळ चालतोय, तर विश्रांती आणि लक्ष एवढंच पुरे. उलट आकडा ९१ असून माणूस झोकांड्या खात असेल तर त्याला उतरवायचं. आधी माणूस बघा, मग यंत्र. जथ्यातल्या इतर सगळ्यांचा ८८ आणि एकाचाच ७६ येत असेल, तर तो 'मला काई नाई' म्हणत असला तरी त्याच्याजवळ बसा.

साधनं पाच, कामं वेगवेगळी

हलक्या डब्याबद्दल वर लिहिलंच. घोटभर आराम आणि मनाला धीर, यापलीकडं त्याच्याकडून काही मागू नका. कापूर, ओवा, लवंग यांची पुरचुंडी हुंगल्यानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. पुरचुंडी खुशाल ठेवा, पण तिच्या भरवशावर कोणाला वर थांबवू नका.

घरच्या किंवा दवाखान्याच्या कॉन्सन्ट्रेटरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो. मशीन हवा ओढतं, आतले झिओलाइटचे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन बाहेर येतो. २०२१ मध्ये आलेली अशी मशीन आपल्याकडं अजून कितीतरी ठिकाणी झाकून ठेवलेली आहेत. जथ्यातला कोणी ना कोणी म्हणतोच, तेच घेऊन जाऊ. नका नेऊ. ते जड असतं आणि सतत वीज मागतं. शिवाय बऱ्याच मशीनची हमी ३,००० मीटरच्या आसपासच संपते, त्यापुढं दाब कमी म्हणून ऑक्सिजन कमी शुद्ध निघतो. खाली गुप्तकाशीसारख्या मुक्कामी, वीज असेल तिथं, ते कामाचं.

खांद्याला अडकवायचं छोटं बॅटरीवालं मशीन वेगळं. त्याचं वजन दोन-अडीच किलो असतं, पण घेताना तीन गोष्टी विचारा. पहिली, किती उंचीपर्यंत चालतं, हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. दुसरी, ऑक्सिजन सतत देतं की श्वास ओढल्यावरच. बहुतेक छोटी मशीन श्वासागणिक एक झोत देतात. त्यावरचा '२' हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे, तो फक्त पायरीचा नंबर आहे. झोपेत किंवा तोंडानं श्वास घेणाऱ्या माणसाचा हलका श्वास मशीनला कळतच नाही आणि झोत सुटत नाही. तिसरी, बॅटरी किती तास चालते. कागदावर जे तास लिहिलेत ते थंडीत भरत नाहीत, म्हणून जास्तीची बॅटरी अंगातल्या स्वेटरच्या आत ठेवा. विमानानं जाणार असाल तर ती हातातल्या पिशवीतच न्यावी लागते, आणि मशीनसाठी विमान कंपनीची परवानगी व डॉक्टरांचं पत्र आधीच घ्यावं लागतं. डबा आणि सिलिंडर विमानात किंवा रेल्वेत आपल्या मनानं नेऊ नका. ते खाली ऋषिकेश-हरिद्वारकडं भाड्यानं घेणं सोयीचं.

चौथं साधन म्हणजे दाबाची पिशवी. ही गिर्यारोहकांच्या तळावर किंवा सैन्याच्या ठिकाणी दिसते, आपल्या जथ्याजवळ नसते. अमेरिकेतल्या इगोर गॅमो यांनी ती काढली. माणसाला झोपवून चेन लावायची आणि पायपंपानं हवा भरायची. आतला दाब वाढतो आणि माणूस जागेवरच दीड-दोन हजार मीटर खाली गेल्यासारखं होतं. आतली हवा ताजी राहावी म्हणून पंप सतत मारत राहावं लागतं, आणि आतल्या माणसाला कान दुखल्यावर थुंकी गिळायला सांगावं लागतं. बाहेर काढल्यावर त्रास परत येऊ शकतो. तीही उतरायची सोय होईपर्यंतचीच.

आपल्यासारख्यांच्या कामाचा उरतो तो छोटा सिलिंडर.

सिलिंडरचा हिशेब

गुणाकार एकच आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले काट्यावरचा दाब (बार या एककात). क्षमता सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली असते.

हातात नेता येणारा १.७ लिटरचा सिलिंडर घ्या. काटा १५० वर असेल तर १.७ गुणिले १५० म्हणजे २५५ लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरनं १२७ मिनिटं, ३ लिटरनं ८५ मिनिटं. शेवटचा थोडा सोडून द्या आणि दोन तासांऐवजी पावणेदोन धरा. काकूंच्या वेळी आमचा काटा १२० वर होता. २०४ लिटर, २ लिटरनं १०० मिनिटं. मी तो हिशेब संध्याकाळी केला असता तर 'आरती करूनच जाऊ' ला हो म्हटलं नसतं. दहा लिटर क्षमतेचा मोठा सिलिंडर १,५०० लिटर देतो, म्हणजे २ लिटरनं बारा तासांच्या वर, पण तो लोखंडी धूड घोड्याशिवाय वर जात नाही.

काही काट्यांवर आकडे दोन-दोन हजारांत असतात. ते पीएसआय, दाब मोजायचं दुसरं एकक. त्याला १४.५ नं भागा, म्हणजे वरच्या गुणाकारात बसतो. २,००० म्हणजे साधारण १३८.

आता आपल्याकडचा खास घोळ. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात भरलेला सिलिंडर १५० दाखवतो, आणि केदारनाथच्या ५ अंशांत तोच १३० च्या आसपास येतो. कोणी म्हणतं गळती झाली, कोणी दुकानदाराला शिव्या देतं. गळती नसते, थंडीनं वायूचा दाब उतरतो. पण हिशेब वरच्या थंडीतल्या काट्यावरच करा, म्हणजे वेळ जास्त धरला जाणार नाही. आणि भरलेला सिलिंडर इथल्या उन्हात गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका.

सिलिंडर लावायची रीत

हे गावातच, अंगणात, निदान तीन जणांनी हातानं करून बघायचं. मी वाचून दाखवत नाही, प्रत्येकाकडून करून घेते.

आधी ओळख. आपल्याकडं दवाखान्याच्या ऑक्सिजन सिलिंडरचं अंग काळं आणि खांदा पांढरा, ही जुनी खूण. कारखान्याचा, वेल्डिंगचा सिलिंडर घेऊ नका, कोणी कितीही स्वस्त दिला तरी. खांद्यावर तपासणीची तारीख कोरलेली असते, ती जुनी झाली असेल तर परत करा.

हात साबणानं धुवा आणि कोरडे करा. हे सांगायचं कारण, आपल्याकडं केसांना तेल, ओठांना व्हॅसलिन, हाताला जवसाचं तेल असतंच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. नळीला, नटाला, काट्याला तेल कधी लावायचं नाही, कितीही घट्ट असलं तरी.

सिलिंडर उभा, भिंतीला टेकवून बांधा. व्हॉल्व्हचं सील काढा, तोंड माणसांपासून दूर करा आणि चावीनं क्षणभर उघडून 'फुस्स' होऊ द्या. तोंडातली धूळ उडून जाते. आता रेग्युलेटर बसवा. त्याच्या दोन खिळ्या व्हॉल्व्हच्या दोन भोकांत बसल्या पाहिजेत, आणि मध्ये वॉशर आहे ना ते बघा. वॉशर हरवला की सगळा ऑक्सिजन बाजूनं जातो, म्हणून एक जास्तीचा वॉशर पिशवीत ठेवा. हातानं घट्ट आवळा.

प्रवाहाची कळ शून्यावर आहे ना, बघा. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, झटक्यानं नाही. काटा वर येईल, तो वहीत लिहा, शेजारी वेळ लिहा. सुसू आवाज येत असेल तर बंद करून परत बसवा.

नळी जोडा, कळ २ वर करा, आणि नळीची टोकं पेलाभर पाण्यात धरा. बुडबुडे आले म्हणजे ऑक्सिजन चालू आहे. टोकं पुसून नाकात घाला, वाक खालच्या बाजूला. नळी दोन्ही कानांमागून आणून हनुवटीखाली सैलसर आवळा. तोंडावरचा साधा मास्क वापरणार असाल तर प्रवाह ५ लिटरपेक्षा कमी नको, नाहीतर माणूस आपलाच सोडलेला श्वास परत घेतो. ५ लिटरनं तो छोटा सिलिंडर पन्नास मिनिटांत संपतो, म्हणून आपल्या कामाला नाकातली नळीच बरी.

२ ते ४ लिटरवर सुरू करा, दहा मिनिटांनी आकडा बघा. ९० च्या वर टिकेल एवढाच प्रवाह ठेवा. ९८ करायच्या मागं लागू नका, तेवढ्यात सिलिंडर संपतो. चुलीच्या दम्याच्या माणसाला १ लिटरपासून सुरू करा, त्याचा आकडा वर सांगितलाय.

बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह, मग काटा शून्यावर येऊ द्या, मग कळ.

कोणाला त्रास झाला तर

उंचीवर डोकं दुखणं आणि त्यासोबत मळमळ, चक्कर किंवा अतिशय थकवा, म्हणजे उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला. ऊन लागलं, पित्त झालं, घोड्यानं हादरलो, ही कारणं नंतर. पोचल्यावर सहा-बारा तासांनीही हे सुरू होतं, म्हणून रात्री जास्त दिसतं. एवढंच असेल तर पुढं चढू नका, गरम ठेवा, पाणी आणि पॅरासिटामॉल द्या. झोपेची गोळी नको, दारू अजिबात नको, खर्रासुद्धा खिशातच राहू द्या. कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर खाली.

दोन खुणांना मात्र वाट बघायची नाही.

एक, चाल. जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं भरकटत असेल, माणूस उगाच चिडत किंवा पेंगत असेल, तर मेंदूला सूज येत आहे.

दोन, श्वास. चढताना सगळ्यांनाच धाप लागते. बसल्या जागी, पाच-दहा मिनिटं आराम करूनही धाप कमी होत नसेल, खोकला वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील, थुंकीत गुलाबी फेस असेल, तर फुप्फुसात पाणी भरत आहे.

यातलं एकही दिसलं की ऑक्सिजन लावा, गरम कपड्यात गुंडाळा, बसतं ठेवा, फुप्फुसाच्या त्रासात आडवं पाडू नका. जवळच्या वैद्यकीय केंद्रात न्या. केदारनाथच्या वाटेवर अशी केंद्रं आहेत, चढतानाच ती कुठं आहेत ते बघून वहीत लिहा. १०८ उत्तराखंडातही लागतो. आणि लगेच उतरायची सोय करा. चालवत नेऊ नका, चालण्याच्या कष्टानं फुप्फुसाचा त्रास वाढतो. कंडी, पालखी, घोडा, जे मिळेल ते. दोन माणसं सोबत, एकाच्या हातात सिलिंडर, दुसऱ्याच्या हातात वही. ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर बहुतेकांना फरक दिसतो, तरी गौरीकुंडापर्यंत आणाच. ऑक्सिजन लावल्यावर माणूस उठून बसला, हसला, 'आता बरं वाटते' म्हणाला, तरीही उतरवायचं. वाटेत सिलिंडर अर्ध्यावर आला तर प्रवाह थोडा कमी करून आकडा बघा, आणि पुढच्या केंद्रावर दुसरा मागा.

घरचे लोक म्हणतील, एवढ्या लांबून आलो, दर्शन राहिलं. मी त्यांना सांगते, देव पुढच्या वर्षीही इथंच आहे. यात मी कोणाची भीड धरत नाही.

बिडी, दिवा आणि कोळसा

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत बिडी, उदबत्ती, निरांजन, स्टोव्ह, काही नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात चादरसुद्धा भडकून पेटते. नाकात नळी असताना आजोबांनी बिडी शिलगावली तर चेहरा भाजतो.

थंडी वाजते म्हणून बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, अगदी उंचीच्या त्रासासारखंच, आणि बोटाचं यंत्र त्याला ऑक्सिजन समजून ९६ दाखवतं. एका खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखू लागलं आणि कोपऱ्यात शेगडी असेल, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.

परत आल्यावर

सिलिंडर अगदी शून्यापर्यंत संपवू नका, थोडा दाब आत राहू द्या, नाहीतर आत ओल शिरते. व्हॉल्व्ह बंद, टोपण लावलेलं, सावलीत उभा. नाकातली नळी एका माणसाची एकालाच, दुसऱ्याला नवी. बॅटरीवाल्या मशीनची धुळीची जाळी काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा, पऱ्हाटीच्या दिवसांत आपल्याकडं ती महिन्याभरात कापसानं भरते.

आणि वही जपून ठेवा. कोणाचा आकडा कुठं किती होता, कोणाला कुठल्या मुक्कामी त्रास झाला, सिलिंडर किती वेळ चालला, हे पुढच्या वर्षीच्या जथ्याला लागतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून काकूंचं नाव आहे, आणि त्यापुढं लिहिलंय: काटा १२०, मिनिटं १००.